पट आणि पदवी

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला नावाचे औद्योगिक क्षेत्र आहे. लोखंडी सळ्या तयार करणाऱ्या रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने आणि मिश्रधातूंच्या भट्ट्या यांची तेथे गर्दी आहे. लागूनच बिरगावची दाट कामगारवस्ती आहे आणि थोडे पुढे सिलतरा हे तसेच दुसरे क्षेत्र आहे. छत्तीसगढच्या खेड्यांतून आलेल्या शेतमजुरांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशा येथून पोटामागे आलेली कुटुंबेही या भागात राहतात. अशा घरातील मुलगा बारावीची परीक्षा उत्तीर्ण होतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन फाटके उघडी असतात. एक कारखान्याचे आणि दुसरे महाविद्यालयाचे. पहिल्या फाटकातून आत गेल्यास महिनाअखेर मजुरी हातात पडते. दुसऱ्यातून गेल्यास तीन-चार वर्षांनी पदवी मिळण्याचा संभव असतो. उच्च शिक्षणाचा विस्तार, त्यावरील खर्च आणि त्यातील गळती यांविषयी विद्वानांच्या परिषदांतून पुष्कळ बोलले जाते. पण या प्रश्नाचे मूळ स्वरूप पाहावयाचे असेल, तर ते या दोन फाटकांच्या दरम्यानच पाहिले पाहिजे.

देशातील उच्च शिक्षणाची मोजदाद अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातून होते. हे सर्वेक्षण २०१०-११ सालापासून होऊ लागले. त्याच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे देशातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत मिळून सुमारे ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थी शिकत होते. त्यांपैकी जवळजवळ २ कोटी ७ लक्ष मुली होत्या. याच अहवालात सकल नोंदणी गुणोत्तर नावाचा एक आकडा दिलेला असतो. त्याचा अर्थ समजावून घेणे अवघड नाही. १८ ते २३ या वयोगटात देशात जितके तरुण-तरुणी आहेत, त्या दर शंभरांमागे किती विद्यार्थी उच्च शिक्षणाच्या पटावर आहेत, हे त्यावरून कळते. २०२१-२२ साली हा आकडा सबंध देशाचा २८.४, महाराष्ट्राचा ३५.३ आणि छत्तीसगढचा १९.६ इतका होता. म्हणजे महाराष्ट्रात शंभरांमागे पस्तीस, तर शेजारच्या छत्तीसगढात जेमतेम वीस. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ सालापर्यंत हे प्रमाण ५० पर्यंत नेण्याचे ठरविले आहे.

हा आकडा उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु तो पटाचा आकडा आहे. किती जण दारातून आत आले आणि एका विशिष्ट वर्षी किती जण आत होते, एवढेच तो सांगतो. आत आलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडले आणि किती जण मधल्या एखाद्या खिडकीतून निघून गेले, हे त्यावरून समजत नाही. ही गोष्ट एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला १०० विद्यार्थी येतात, दुसऱ्या वर्षाला त्यांतील ८० उरतात, तिसऱ्याला ७० आणि अखेर ६५ पदवीधर होतात. दरसाल हाच क्रम चालू राहिला, तर तिन्ही वर्गांचा मिळून पट २५० होतो. आता दुसरे महाविद्यालय घ्या. तेथे पहिल्या वर्षाला १२० येतात, दुसऱ्याला ७५ राहतात, तिसऱ्याला ५५ आणि पदवीधर होतात ५०. याचाही पट २५० च भरतो. अहवालाच्या दृष्टीने दोन्ही संस्था सारख्याच. किंबहुना दुसरीने अधिक जणांना प्रवेश दिला म्हणून तिची थोडी वाहवाही होईल. पण एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० रुपये खर्च येतो असे धरले, तर दोन्हीकडे वर्षाचा खर्च ५० लक्ष रुपये होतो. पहिल्या संस्थेत एका पदवीधरामागे सुमारे ७७,००० रुपये पडतात आणि दुसरीत पुरते १ लक्ष. पैसा तोच, पट तोच. फळ मात्र निराळे. गळती ही केवळ विद्यार्थ्याची हानी नसून समाजाच्या तिजोरीचीही हानी आहे, ती अशी.

रायपूरच्या बाबतीत ही गोष्ट समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मराठी माणसाला हे शहर परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगढचा समावेश होता. पुढे १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, तेव्हा नागपूर ही त्याची राजधानी झाली आणि १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच राज्यकारभाराखाली राहिली. या दीर्घ संबंधामुळे अनेक मराठी कुटुंबे रायपुरात स्थायिक झाली. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे आणि रायपूरच्या सार्वजनिक व सहकारी जीवनात अग्रभागी असलेले वामनराव लाखे ही त्यांतील ठळक नावे. त्या पिढीतील मुलाला रायपुरात मॅट्रिकपर्यंत शिकता येई. पुढचे शिक्षण हवे असेल तर घर सोडावे लागे. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये निघाले. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. रायपुराहून नागपूर सुमारे ३०० किलोमीटर. रेल्वेचे भाडे, खाणावळ, खोलीचे भाडे आणि पुस्तके हा सारा भार ज्यांना सोसवे, त्यांचीच मुले पदवीपर्यंत जात. त्या काळी गळती वर्गात होत नसे. ती रेल्वे स्थानकावरच होऊन जाई.

रायपुरात पहिले महाविद्यालय निघाले ते १९३८ साली. छत्तीसगढ महाविद्यालय या नावाने जे. योगानंदम यांनी ते सुरू केले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६४ साली रायपुरातच रविशंकर विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. शासकीय विज्ञान महाविद्यालय, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालय हीही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांत उभी राहिली. जे अंतर पूर्वी ३०० किलोमीटरांचे होते, ते आता शहरातल्या शहरात आले. हा बदल लहान नव्हे. हजारो घरांतील पहिला पदवीधर या बदलामुळे निर्माण झाला.

परंतु दार जवळ आले म्हणजे वाट संपली, असे होत नाही. दारे वाढविण्याच्या उत्साहाला मर्यादा राहिली नाही की काय घडते, याचा धडाही याच शहराने देशाला दिला आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. २००२ साली राज्याने खाजगी विद्यापीठांसंबंधी एक कायदा केला. त्या कायद्याखाली राजपत्रात एक अधिसूचना निघाली की विद्यापीठ जन्माला येई. सुमारे वर्षभरात अशी ११२ विद्यापीठे स्थापन झाली. त्यांतील कित्येकांना स्वतःची इमारत नव्हती, आवार नव्हते, ग्रंथालय वा प्रयोगशाळा नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष आणि ख्यातनाम शास्त्रज्ञ प्राध्यापक यश पाल यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील ५ व ६ ही कलमे घटनाबाह्य ठरविली आणि ती सर्व विद्यापीठे एका निकालाने नाहीशी झाली. ज्या विद्यार्थ्यांनी तेथे नावे घातली होती, त्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्थांना राज्यातील प्रस्थापित विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याची वाट न्यायालयाने दाखविली.

या प्रकरणाचा कायदेशीर भाग वकिलांसाठी आहे. सामान्य नागरिकाने घ्यावयाचा बोध वेगळा आहे. विद्यापीठ म्हणजे पाटी नव्हे, आणि विद्यार्थी म्हणजे पटावरील नाव नव्हे. दोहोंच्या मागे शिक्षक, ग्रंथ, जागा आणि पैसा उभा असावा लागतो. तो नसेल, तर नोंदणीचा आकडा कितीही फुगला तरी त्यातून ज्ञान निपजत नाही. ११२ विद्यापीठांची गोष्ट अतिरेकाची होती, म्हणून ती न्यायालयापर्यंत गेली. पण ज्या महाविद्यालयात वर्ग आहेत आणि कायम प्राध्यापक नाहीत, जेथे एका विषयाचा सारा भार वर्षावर्षाच्या करारावर नेमलेल्या एका अतिथी व्याख्यात्यावर आहे, तेथेही तीच गोष्ट सौम्य रूपात घडत असते. छत्तीसगढात त्याला अतिथी व्याख्याता म्हणतात, महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरील प्राध्यापक म्हणतात. नाव कोणतेही असो, पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो शिक्षक मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याचा हात तीन वर्षे कसा धरून ठेवणार?

आता उरल्याच्या मुलाकडे पुन्हा वळू. तो महाविद्यालय का सोडतो, असे विचारले की सामान्यतः ‘फी परवडत नाही’ असे उत्तर दिले जाते. शासकीय महाविद्यालयाच्या बाबतीत हे उत्तर अपुरे आहे. तेथील शुल्क बेताचे असते आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व अन्य मागास विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीची तरतूदही असते. खरा खर्च शुल्कपत्रकात छापलेलाच नसतो. तो म्हणजे बुडालेली मजुरी. समजा, कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली त्याला महिना १०,००० रुपये मिळू शकतात. तीन वर्षांची ही मजुरी ३ लक्ष ६० हजार रुपये होते. महाविद्यालयाने संपूर्ण शुल्क माफ केले, तरी एवढी रक्कम त्या घराने शिक्षणापायी सोडून दिलेली असते. श्रीमंताच्या घरी हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तेथे अठरा वर्षांच्या मुलाच्या कमाईवर चूल अवलंबून नसते. कामगाराच्या घरी तो दररोज संध्याकाळी मांडला जातो. वडिलांचा हात यंत्रात सापडला, आई आजारी पडली किंवा गावाकडचे कर्ज अंगावर आले, की हिशेबाचा निकाल लागतो आणि मुलगा पहिल्या फाटकाकडे वळतो.

दुसरे कारण अभ्यासाचे आहे. अनुभवी शिक्षक सांगतात की अधिकांश गळती पहिल्या वर्षी होते. शाळेत जे घोकंपट्टीने निभावले, ते येथे निभावत नाही. विज्ञान, वाणिज्य आणि अभियांत्रिकी या शाखांत पुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. घरी छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशी तीन पायऱ्यांची चढण त्याला एका उन्हाळ्यात चढावी लागते. त्यातून घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नसेल, तर एखाद्या विषयात नापास होणे म्हणजे आपण या ठिकाणचे नव्हेच, असे तो समजतो. सुखवस्तू घरातला मुलगा नापास झाला तर शिकवणी लावतो. पहिल्या पिढीचा विद्यार्थी नापास झाला तर शिक्षण सोडतो. गुणपत्रिका दोघांची सारखीच असते.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन अडथळे येतात: प्रवास आणि विवाह. औद्योगिक वस्तीतून अवजड मालमोटारींच्या रस्त्याने, संध्याकाळ उलटल्यावर, भरवशाची बस नसताना ये-जा करावी लागत असेल, तर पालक मुलीला प्रायः दुसऱ्या वर्षी घरी बसवितात. मुलींची नोंदणी आज मुलांच्या बरोबरीला आली आहे, हे खरे आणि अभिमानास्पदही आहे. पण ती टिकवावयाची असेल, तर बसचे वेळापत्रक हाही शिक्षणखात्याने लक्ष घालण्याचा विषय आहे.

या सर्वांतून छत्तीसगढने आणि मध्य प्रदेशाने एक मधली वाट पूर्वीपासून ठेवली आहे. ती म्हणजे स्वाध्यायी परीक्षार्थीची. रोजच्या बोलण्यात त्याला ‘प्रायव्हेट’ म्हणतात. विद्यार्थी महाविद्यालयात न जाता अर्ज भरतो, घरी अभ्यास करतो आणि परीक्षा देतो. कारखान्यात पाळी करणाऱ्या तरुणाला, दुकानात बसणाऱ्याला, लग्न होऊन गेलेल्या मुलीला ही वाट मोठी सोयीची आहे आणि तिने असंख्य लोकांना पदवीपर्यंत पोहोचविले आहे. तथापि तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या विद्यार्थ्याला शिक्षक नाही, ग्रंथालय नाही, सोबतीही नाही. संलग्न महाविद्यालये असलेल्या विद्यापीठांच्या उत्पन्नात परीक्षाशुल्काचा वाटा मोठा असतो. तेव्हा ज्याला विद्यापीठाकडून सर्वांत कमी मिळते, तोच विद्यापीठाला पोसण्यास हातभार लावतो, असा विचित्र प्रकार घडतो. बिलासपूरचे पंडित सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठ किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांसारख्या संस्था निघाल्या, त्या एका अर्थी ही उणीव भरून काढण्यासाठीच. घरी शिकणाऱ्याच्या हाती निदान त्याच्यासाठी लिहिलेले पुस्तक आणि जवळपासचे एखादे अभ्यासकेंद्र असावे, हा त्यामागील विचार आहे.

गळती गरीब संस्थांतच होते, असे मात्र कोणी समजू नये. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, त्यापूर्वीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आय.आय.टी. आणि आय.आय.एम. यांमधून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांतील १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. त्यांपैकी ९,६४२ केंद्रीय विद्यापीठांतील, ३,५४२ आय.आय.टी.तील आणि ४४२ आय.आय.एम.मधील होते. यांतील काही जण दुसऱ्या अभ्यासक्रमाला किंवा दुसऱ्या संस्थेत गेले असतील, असा खुलासा शासनाने केला आणि तो अंशतः योग्यही असेल. तरीही देशातील सर्वांत कठीण प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी जेव्हा मध्येच परततो, तेव्हा कमतरता त्याच्या बुद्धीत होती, असे म्हणता येत नाही.

मग पैसा कोठे आणि कसा खर्च व्हावा? १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करण्याचे लक्ष्य सुचविले होते. २०२० च्या धोरणानेही तेच ६ टक्क्यांचे लक्ष्य पुन्हा सांगितले आहे. अर्धशतकाहून अधिक काळ एकच लक्ष्य पुन्हा पुन्हा उच्चारावे लागते, यावरूनच ते गाठले गेलेले नाही हे दिसते. पण किती खर्च करावा याइतकाच, तो कोणत्या वेळी पोहोचावा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना या देशात १९४४ सालापासून आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी या योजनेला पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यातील ६० टक्के भार केंद्राने आणि ४० टक्के राज्यांनी उचलावयाचा होता आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँकखात्यात जमा व्हावयाचा होता. ही व्यवस्था चांगली आहे. मात्र शिष्यवृत्ती ही पेरणीच्या पावसासारखी आहे. ती जुलैत आली तर पीक उभे राहते. पुढच्या मार्चमध्ये आली, तर आकडा तोच असला तरी रोप तोवर वाळलेले असते.

महाराष्ट्रानेही शुल्काच्या बाबतीत वेळोवेळी मोठी पावले टाकली आहेत. आर्थिक दृष्ट्या मागास घरांतील मुलांना शुल्कात सवलत देण्याची योजना १९५९ साली निघाली. जुलै २०२४ मध्ये वार्षिक ८ लक्ष रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णतः माफ करण्याचा निर्णय झाला. असे निर्णय स्वागतार्हच आहेत. परंतु ते शुल्कापुरते असतात. राहणे, जेवणे आणि बुडालेली कमाई यांचा प्रश्न त्यांनी पुरता सुटत नाही, आणि तो प्रश्न महाराष्ट्रातील जुन्या शिक्षणधुरीणांनी फार लवकर ओळखला होता.

छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला. खेड्यातल्या मुलाला शाळेत नाव मिळून भागत नाही, त्याला शहरात अंथरूण आणि भाकरी मिळाली पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे त्याचे सूत्र ठेवले. विद्यार्थ्याने संस्थेच्या शेतावर वा कामावर श्रम करावे आणि त्यावर आपले शिक्षण चालवावे. बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नाला इतके सरळ उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना यावयास मिळावे म्हणून सकाळच्या वेळी भरविले. तिघांचे मार्ग निराळे, परंतु विचार एकच. विद्यार्थ्याच्या आयुष्याने संस्थेच्या वेळापत्रकात मावावे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. संस्थेचे वेळापत्रकच विद्यार्थ्याच्या आयुष्याला जुळवून घेतले.

बाबासाहेबांना याचे मोल स्वानुभवाने ठाऊक होते. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये तेथून लंडनला आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना तेथील अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. त्या वर्षीच्या एखाद्या सर्वेक्षकाने लंडनचा पट तपासला असता, तर त्याने हे नाव गळतीच्या रकान्यात लिहिले असते. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने त्यांना दिली. आणि प्राध्यापकीतून केलेली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले. १९२३ साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. पदवी मिळाली. परतीचे दार उघडे असणे आणि त्या दारापर्यंत जाण्यापुरता पैसा हाती असणे, या दोन गोष्टी जुळून आल्या म्हणूनच हे घडले. यांतील एक जरी नसती, तरी दुसरीचा काही उपयोग झाला नसता.

आजच्या धोरणातही परतीच्या दाराची कल्पना आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात एक वर्ष पुरे करून थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी, अशी ही रचना आहे. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहावेत आणि परतल्यावर त्यांतूनच पुढे चालावे, असे योजिले आहे. छत्तीसगढच्या महाविद्यालयांत हे धोरण २०२४ पासून लागू झाले. कल्पना उत्तम आहे. पण तिच्यात एक धोकाही आहे. ज्या मुलाला परिस्थितीने एका वर्षानंतर बाहेर काढले, त्याच्या हाती प्रमाणपत्र दिल्याने अहवालातील गळती कमी दिसेल. तो मुलगा मात्र जेथे होता तेथेच असेल. बाहेर पडण्याचे दार आपोआप उघडते. आत येण्याचे दार कोणीतरी उघडून धरावे लागते. किती जण प्रमाणपत्र घेऊन गेले, हे मोजण्यापेक्षा त्यांतील किती जण पाच वर्षांच्या आत परतले, हे मोजणे या योजनेची खरी कसोटी ठरेल.

उरल्यासारख्या ठिकाणी काय करता येईल, हे यावरून स्पष्ट व्हावे. त्यासाठी नवे विद्यापीठ नको आणि नवी पाटीही नको. आहे त्याच महाविद्यालयांत पाळी संपवून येणाऱ्यांसाठी सकाळचे किंवा संध्याकाळचे वर्ग असावेत. पहिल्या वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत भाषेची आणि गणिताची जोडशिकवणी द्यावी, आणि ते काम कायम नेमणुकीच्या शिक्षकाकडे असावे. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच पोहोचावा. वस्तीपासून महाविद्यालयापर्यंत मुलींना विश्वासाने बसता येईल अशी बस असावी. आणि सलग दोन आठवडे एखादा विद्यार्थी वर्गात दिसला नाही, तर त्याचे नाव पटावरून खोडण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी. यांतील एकही गोष्ट फार खर्चाची नाही. ११२ विद्यापीठांच्या घोषणेइतकी ती भव्यही नाही. परंतु १०० पैकी ५० पदवीधर होणे आणि ६५ होणे यांतील अंतर अशाच साध्या गोष्टींनी भरून निघते.

२०३५ साली देशाचा नोंदणीचा आकडा ५० वर पोहोचेलही. त्या दिवशी प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक विद्यापीठाने त्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा लिहावा: आलेल्या दर शंभरांपैकी शेवटपर्यंत किती टिकले, हा. पहिला आकडा शासनाने किती दारे उघडली ते सांगेल. समाजाने त्या दारातून आलेल्यांना किती सांभाळले, हे दुसऱ्यावरूनच कळेल.